यादीत नाव कुणाचे? अफगाण बायांची रोजीरोटी आणि जगाचा बहिष्कार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या मांडणीचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री जेवणे आटोपल्यावर एकीने मला सरळच विचारले, "आपल्याकडे रेशनचे, पोटगीचे, अंगणवाडी सेविकांच्या मानधनाचे प्रश्न डोंगराएवढे पडलेत. त्यात हे अफगाणिस्तान कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबान राजवटीचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले होते. १० तारखेला अफगाण वकिलातीत पत्रकार परिषद झाली आणि तिला एकाही बाई पत्रकाराला बोलावले नाही. गदारोळ झाला, तेव्हा दोन दिवसांनी दुसरी परिषद घेऊन बायांना बोलावणे धाडले. त्या दिवसांत आपल्यातल्या अनेकींनी निषेधाच्या पत्रकांवर सह्या केल्या. मीही केली. मी सही केलेल्या पत्रकात शेवटची मागणी अशी होती की, भारताने या राजवटीशी कसलाही संबंध ठेवू नये. सही करून झाल्यावर तो 'कसलाही' हा शब्द मला टोचत राहिला. कसलाही म्हणजे व्यापार आला, बँक आली, औषध आले, गहूही आला. आपण बायांच्या बाजूने उभ्या राहिलो, ठीक. पण गहू थांबला तर तो आधी कुणाच्या घरचा थांबतो?

दुसरे कारण माझ्या रोजच्या कामातले. मी एकट्या बायांबरोबर काम करते. टाकलेल्या, विधवा, घर सोडून आलेल्या. त्यांच्यासाठी आमचे निम्मे काम एकाच गोष्टीभोवती फिरते, ते म्हणजे रेशनकार्डावरचे नाव. कार्ड नवऱ्याच्या नावे, नवरा परागंदा, सासरा कार्ड देत नाही, दुकानदार म्हणतो 'यादीत नाव नाही.' धान्य गोदामात असते, कायदाही बाजूने असतो, पण बाई यादीत नसते. ही यादी कोण करते, कुणाच्या दारात जाऊन करते आणि कुणाशी बोलून करते, यावर सगळे ठरते. अफगाणिस्तानाबद्दल वाचायला लागले तेव्हा हीच यादी पुन्हा पुढे आली. म्हणून मी आज तिथूनच, काबूलच्या एका बेकरीपासून, सुरुवात करणार आहे.

सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतले. त्याआधी दहा वर्षे सोव्हिएत फौजांशी युद्ध, मग आपापसातले युद्ध. शहर निम्मे पडलेले. त्या काळी एकट्या काबूलमध्ये तीसेक हजार विधवा असाव्यात, असा मदतसंस्थांचा अंदाज होता. नव्या राजवटीने बायांचे बाहेरचे काम बंद केले. काबूलच्या शाळांत बायाच जास्त शिकवत होत्या, त्या घरी बसल्या. ज्या घरात पुरुष होता तिथे हाल झाले, पण घर चालले. विधवेच्या घरात तर कमावणारी तीच होती. त्या वर्षांत जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने काबूलमध्ये स्वस्त नानच्या बेकऱ्या चालत आणि त्यांतल्या काही बेकऱ्या विधवाच चालवत. पीठ मदतीचे, भट्टी त्यांची, मजुरी त्यांना, आणि नान घ्यायला येणाऱ्याही बायाच. बाई बाईला रोटी देते, त्यात परपुरुष नाही, म्हणून राजवटीनेही डोळेझाक केली होती.

जुलै २००० मध्ये फर्मान निघाले की, आरोग्याचे काम सोडून परदेशी मदतसंस्थांत अफगाण बायांनी नोकरी करू नये. ऑगस्टमध्ये त्याच फर्मानावर बोट ठेवून विधवांच्या २५ बेकऱ्या बंद केल्या. ओरड झाली आणि एक-दोन दिवसांतच हुकूम मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी, जून २००१ मध्ये, यादीचा प्रश्न आला. स्वस्त नान कुणाला मिळते याच्या याद्या जुन्या झाल्या होत्या, गरजू बाहेर आणि वशिल्याचे आत असे झाले होते. नवी पाहणी करायची तर घरात जाऊन बायांशी बोलणाऱ्या बाया हव्यात, पुरुष पाहणीदार विधवेच्या उंबऱ्याबाहेरच थांबणार. राजवट बायांना परवानगी देईना. अन्न कार्यक्रमाने ठणकावले, बायांशिवाय यादी होणार नसेल तर बेकऱ्याच बंद करू. त्या बेकऱ्यांवर तेव्हा काबूलमधल्या लाखोंचे पोट होते. अखेर तडजोड झाली आणि भट्ट्या चालू राहिल्या.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. एक तर तालिबानपुढे काहीच चालत नाही, असे जे आपण धरून चालतो ते पुरते खरे नाही. रोटीच्या प्रश्नावर ते दोनदा मागे सरले. दुसरे म्हणजे, हे सगळे घडत होते तेव्हा देशावर बाहेरून निर्बंधही होतेच. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १२६७ केला, तालिबानचा पैसा गोठवला, त्यांच्या विमानांची परदेशातली ये-जा बंद केली. तीनच देशांनी त्या राजवटीला मान्यता दिली होती: पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. वर त्या वर्षांत भयंकर दुष्काळ. विधवेला आतूनही कोंडलेले आणि बाहेरूनही. २१ वर्षांनी हेच चित्र पुन्हा उभे राहिले, फक्त कितीतरी मोठ्या आकारात.

आता २०२१ कडे येते. १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले, ३० ऑगस्टला शेवटचा अमेरिकन सैनिक गेला. गोळीबार बराच थांबला. खेड्यापाड्यातल्या अनेक बायांना याचा दिलासा वाटला, हेही नोंदवले पाहिजे. रात्रीचे छापे आणि वरून पडणारे बाँब त्यांनीच भोगले होते. शांतता आली, पण त्याच आठवड्यात पैसा गेला.

तो कसा गेला, हे नीट समजून घेऊ. आधीची वीस वर्षे हा देश परदेशी मदतीवर चालला होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४० टक्के इतकी मदत बाहेरून येई आणि सरकारी खर्चातले चारांतले तीन रुपये मदतीचे असत. शिक्षिकेचा पगार, नर्सचा पगार, दवाखान्यातले औषध, सगळे त्यातून. ही मदत एका रात्रीत थांबली. शिवाय देशाची स्वतःची गंगाजळी सुमारे ९ अब्ज डॉलर होती, त्यातले ७ अब्ज न्यूयॉर्कमध्ये ठेवलेले. तेही गोठवले गेले. हा पैसा तालिबानचा नव्हता. तो देशाच्या मध्यवर्ती बँकेचा होता आणि त्याच्या आधारावर देशातल्या साध्या बँका चालत होत्या.

इथे २०१६ ची नोटबंदी आठवा, म्हणजे पुढचे लगेच कळेल. आठवड्याला २४ हजारांच्या वर पैसे काढता येत नव्हते आणि डाळीच्या डब्यात नवऱ्यापासून लपवलेल्या नोटा आपल्या बायांना बँकेत उघड कराव्या लागल्या. काबूलमध्ये २०२१ साली आठवड्याला २०० डॉलरएवढीच रक्कम काढता येईल असे ठरले, पुढे ती ४०० केली. रांगा पहाटेपासून. नोटा परदेशातून छापून यायच्या, त्याही येईनात. चलनात होत्या त्या चिंध्या होऊन गेल्या. आपल्याकडे काही आठवड्यांनी नव्या नोटा आल्या. तिथे हे महिनोन् महिने चालले. आपल्या पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलामुलींचेही घरून पैसे येणे अडले होते, तुमच्यापैकी काहींनी तेव्हा त्यांच्यासाठी धान्य गोळा केले असेल.

त्या एका वर्षात देशाचे उत्पन्न २० टक्क्यांहून अधिक घटले. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या हिवाळ्यात २ कोटी २८ लाख लोकांना, म्हणजे निम्म्याहून अधिक देशाला, तीव्र अन्नटंचाई भेडसावेल असा अंदाज अन्न संघटनांनी दिला होता. काबूलमध्ये नानबाईच्या दुकानासमोर संध्याकाळी बुरखा घेतलेल्या बाया ओळीने बसलेल्या दिसत. त्या भीक मागत असे म्हणवत नाही. त्या नुसत्या बसत, आणि नान घेणारा एखादा गिऱ्हाईक जाताना एक नान हातावर ठेवी. मजुराचे काम गेले, शिक्षिकेचा पगार थकला, घरातले गालिचे, भांडी, लग्नातले दागिने बाजारात आले. वधूमूल्य घेऊन मुलगी लवकर देण्याचे प्रकारही त्या हिवाळ्यात वाढल्याच्या बातम्या होत्या.

जगाने मग काय केले? डिसेंबर २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २६१५ करून माणुसकीच्या मदतीला निर्बंधांतून सूट दिली. युनोने विमानातून रोख डॉलर काबूलला न्यायला सुरुवात केली, एका खेपेला सुमारे ४ कोटी. देशाची बँकव्यवस्था मोडल्यावर मदतसुद्धा पोत्यांत भरून न्यावी लागते, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? युनिसेफने २०२२ च्या सुरुवातीला सरकारी शाळांतल्या एक लाख ९० हजारांहून अधिक शिक्षकांना दोन महिने प्रत्येकी १०० डॉलर दिले. रेडक्रॉसने मोठ्या इस्पितळांचे पगार काही काळ उचलले. या गोष्टी महत्त्वाच्या होत्या, त्यामुळे माणसे वाचली. पण कागदावर सूट मिळाली तरी परदेशी बँका अफगाणिस्तान हे नाव पाहूनच हात आखडत. कायद्याने मनाई नसली तरी 'नसती झंझट कशाला' म्हणून व्यवहार नाकारायचा, हा बँकवाल्यांचा खाक्या. विधवेला खाते उघडून देताना आपल्याकडचा बाबू हेच करतो.

गंगाजळीचे पुढे काय झाले, तेही ऐका. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी ७ अब्जांचे दोन भाग करण्याचा आदेश काढला. निम्मे अफगाण जनतेसाठी. निम्मे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील पीडितांच्या दाव्यांसाठी राखून ठेवायचे. त्या हल्ल्यात आप्त गमावलेल्यांचे दुःख खरेच आहे, पण त्याची भरपाई हेरातच्या विणकरणीच्या ठेवीतून? पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानेही हा पैसा दावेदारांना देता येणार नाही असा निकाल दिला. जनतेसाठीचा हिस्सा सप्टेंबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एक निधी स्थापून त्यात ठेवला. २०२४ संपेपर्यंत त्यातून काही वाटले गेले नव्हते. व्याज मात्र साठत होते.

हे झाले बाहेरचे कुलूप. आता आतले पाहू. ते बाहेरच्यांनी लावलेले नाही आणि निर्बंधांमुळेही लागलेले नाही. ते राजवटीने स्वखुशीने लावले आहे. हे मी आवर्जून म्हणते, कारण आपल्या काही पुरोगामी मित्रांना निर्बंधांवर बोलताना तालिबानची बाजू आपोआप मऊ होते.

डिसेंबर २०२१ मध्ये हुकूम आला की ७२ किलोमीटरपेक्षा लांब जाणाऱ्या बाईबरोबर महरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, हवा. मार्च २०२२ मध्ये सहावीपुढच्या मुलींच्या शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरे घेऊन गेल्या आणि दारातून परत पाठवल्या गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठे बंद, आणि चारच दिवसांनी, २४ डिसेंबरला, स्वयंसेवी संस्थांतील बायांच्या नोकऱ्या बंद. एप्रिल २०२३ मध्ये तोच नियम युनोच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांना. जुलै २०२३ मध्ये ब्यूटी पार्लर बंद केली. तिथल्या महिला व्यापारी संघटनेच्या अंदाजाने सुमारे १२ हजार पार्लर आणि ६० हजार बायांची कमाई एका महिन्यात गेली. जून २०२४ मध्ये, सरकारी पगारपत्रकावर नाव राहिलेल्या बायांचा पगार, हुद्दा कोणताही असो, सरसकट ५ हजार अफगाणी केला, म्हणजे सुमारे ७० डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये सुईणीचे व नर्सचे शिक्षणही बंद. बाईला बाईनेच तपासावे हा नियम आहे आणि तपासणारी बाई तयार होऊ द्यायची नाही, हाही नियम आहे.

ही यादी आपण निषेधसभांत वाचतो, पण ती स्वातंत्र्याची यादी म्हणून. मला ती जमाखर्च म्हणून वाचायची आहे. महरमचेच घ्या. आपण म्हणतो, अपमान आहे. आहेच. पण गरीब घरात महरम म्हणजे दोघांचे भाडे आणि एका पुरुषाचा बुडालेला रोज. बाईने शिवलेले कपडे शहरात विकायला न्यायचे तर त्या दिवशी भावाने मजुरीला जायचे नाही. दोघांचा खर्च वजा जाता हातात काय उरले? म्हणून ती माल घरी येणाऱ्या दलालाला देते, तो देईल त्या भावात. आणि जिला महरमच नाही, नवरा मेला, भाऊ इराणला, मुलगा सहा वर्षांचा, तिने काय करायचे? काही बाया त्या सहा वर्षांच्या पोराला बरोबर घेऊन निघतात.

जागतिक बँकेच्या २०२३ च्या पाहणीत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कमाईच्या कामात असलेल्या बायांचे प्रमाण आधीपेक्षा वाढलेले. काही जणांनी याचा अर्थ 'परिस्थिती सुधारते आहे' असा लावला. आपल्याला असे फसायला नको. दुष्काळी वर्षात आपल्याकडेही रोजगार हमीवर बायांची संख्या वाढते, तेव्हा आपण त्याला प्रगती म्हणतो का? वाढले ते घरबसले काम: शिवण, भरतकाम, गालिचे विणणे. विडी वळणाऱ्या आणि पापड लाटणाऱ्या आपल्या बायांना या कामाचा हिशेब तोंडपाठ आहे. नगावर मजुरी, कच्चा माल व्यापाऱ्याचा, डोळे आणि पाठ आपली. फरक एवढाच की आपली विडी कामगार मोर्चा घेऊन कलेक्टरच्या दारात जाऊ शकते.

अफगाणी चलनाचीही अशीच गंमत. २०२१ च्या डिसेंबरात ते कोसळले होते, पुढे डॉलरच्या खेपा येत राहिल्या, डॉलर बाहेर नेण्यावर कडक बंदी आली, आणि चलन सावरले. २०२३ मध्ये त्याच्या मजबुतीच्या बातम्या जगभर छापून आल्या. वस्तूंचे भाव तर उतरू लागले. शिबिरात कुणी सांगितले की अमुक देशात महागाई उणे झाली, तर आपण टाळ्या वाजवू. पण तिथे भाव उतरले याचे एक मोठे कारण घेणाऱ्याच्या खिशात काही नव्हते हे होते. एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी आली आणि पुढच्या वर्षी अफूखालचे क्षेत्र ९५ टक्क्यांनी घटले. अफू पिकवू नये हे बरोबरच, पण त्या शेतकऱ्याला पर्यायी पीक, कर्ज, बाजार यांतले काही मिळाले नाही. तिथल्या घरातही शेवटी घास कुणाचा कमी होतो, हे या खोलीत सांगायला नको.

आता ही दोन कुलपे एकमेकांत कशी अडकतात ते सांगते. २४ डिसेंबर २०२२ च्या बंदीनंतर मदतसंस्थांपुढे पेच आला. बाया कर्मचारी नाहीत, मग एकट्या बायांपर्यंत पोहोचायचे कसे? काही संस्थांनी निषेध म्हणून काम थांबवले. काहींनी आरोग्य आणि प्राथमिक शिक्षणातल्या सवलतीचा आधार घेतला. काहींनी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याशी बोलून गुपचूप मार्ग काढला. काम थांबवणाऱ्यांचे तत्त्व चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. २००१ मध्ये अन्न कार्यक्रमानेही तशीच धमकी दिली होती. पण थांबवून ठेवण्याची किंमत राजवटीने मोजली नाही. गावात पुरुष पाहणीदार आला, मशिदीत मुल्लाने आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी नावे सांगितली, पुरुष कर्त्यांची यादी झाली. विधवा दिराच्या नावाखाली गेली. वाटप दिराला. आत दिर काय करतो ते कुणाला माहीत! आमच्या रेशनकार्डाची गोष्ट तंतोतंत हीच.

एक गोष्ट मात्र नमूद करते. डिसेंबर २०२१ मध्येच तालिबानच्या प्रमुखाने फर्मान काढले होते की बाई ही मालमत्ता नाही, लग्नाला तिची संमती हवी, विधवेला नवऱ्याच्या संपत्तीत हिस्सा मिळाला पाहिजे. शब्द चांगले आहेत. पण हिस्सा मागायला जायचे कुठे? महिला न्यायाधीशांना आधीच घरी बसवलेले, महिला वकिलांना काम बंद. तरीही तिथल्या काही बाया याच फर्मानाचा कागद पुढे करून दिरांशी भांडल्या असतील, असे मला वाटते. आपणही 'तुमच्याच शास्त्रात लिहिले आहे' म्हणत किती भांडणे जिंकलो आहोत.

या सगळ्यावर २०२३ च्या शेवटापासून पाकिस्तानने आणि २०२५ मध्ये इराणने लाखो अफगाणांना हाकलले. २०२५ या एका वर्षात २० लाखांहून अधिक माणसे परतली. त्यांत बायाच कर्त्या असलेली कुटुंबे होती. ज्या मुलीने तेहरानमध्ये शाळा केली, ती आता सहावीपुढे शिकू शकत नाही, आणि तिच्या विधवा आईला पुरुषाशिवाय खोलीही भाड्याने मिळणे कठीण. त्याच वर्षी अमेरिकेने, जी सर्वात मोठी मदत देणारी होती, आपली मदत जवळजवळ संपवली. याला निर्बंध असे नाव नाही. पण दवाखाना बंद झाला की गरोदर बाईला त्या दोन शब्दांतला फरक कळत नाही.

मग आपली भूमिका काय? इथे आपल्यातच दोन मते आहेत आणि ती मी झाकणार नाही. खुद्द अफगाण बायांमध्येही आहेत. देशाबाहेर जावे लागलेल्या अनेकजणी म्हणतात, या राजवटीला एक इंचही जागा देऊ नका, तुम्ही व्यवहार सुरू केलात की मान्यता आपोआप येईल. त्यांची भीती पोकळ नाही. जुलै २०२५ मध्ये रशियाने मान्यता दिली, त्यासाठी बायांच्या बाजूने एकही अट घातल्याचे दिसले नाही. जून-जुलै २०२४ मध्ये दोह्यात युनोने तालिबानशी बोलणी केली, विषय होते अर्थव्यवस्था आणि अमली पदार्थ. अफगाण बायांना त्या टेबलावर जागा नव्हती, त्यांना नंतर वेगळे भेटले. रोजीरोटी हा जणू पुरुषांचा विषय आणि हक्क हा बायांचा! दुसरीकडे देशातच राहून आश्रयगृह किंवा छोटा उद्योग चालवणाऱ्या बाया सांगत आल्या आहेत की, आम्हाला तुमच्या निषेधाबरोबर चालू बँकही हवी.

आपल्या चळवळीने आणखी एक गोष्ट विसरू नये. नोव्हेंबर २००१ मध्ये, अमेरिकेचे बाँब पडत असताना, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून अफगाण बायांच्या नावाने भाषण केले. बायांचे नाव युद्धालाही वापरता येते आणि उपासमारीलाही. इराकमध्ये १९९० ते २००३ निर्बंध होते. राजवट त्यामुळे पडली नाही, उलट रेशन तिच्या हातात असल्याने घरोघर तिचीच पकड घट्ट झाली. त्या काळात बालमृत्यूंचे जे प्रचंड आकडे जगभर, आपल्याही पत्रकांत, फिरले ते ज्या पाहणीवरून आले तीत तिथल्या सरकारने फेरफार केल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवले. निर्बंधांचे हाल खोटे नव्हते, आकडा खोटा होता. म्हणून सांगते, पत्रक लिहिताना आकडा दोनदा तपासा. आपला मुद्दा खरा असला तरी खोट्या आकड्याने तो पडतो.

माझे मत आज असे आहे, उद्या तुम्ही पटवलेत तर बदलेन. शिक्षा माणसांना व्हावी, बाजाराला नको. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे प्रमुख हिबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर, बाया व मुलींच्या छळाबद्दल, अटकेची वॉरंटे काढली. याला आपण उघड पाठिंबा द्यावा. राजवटीला मान्यता देऊ नये, हेही म्हणावे. पण मध्यवर्ती बँकेचे कामकाज, पगार पोहोचवण्याची वाट, धान्य, औषधे, आणि बायांनी बनवलेल्या मालाची विक्री यांवरची कोंडी आपल्या नावाने कुणी करू नये. आपल्या फोडणीतला हिंग बहुतेक तिथूनच येतो. तो बंद झाला तर अखुंदजादांचे काय जाणार?

आता आपल्या हातातले काय, ते सांगते. भारताने २०२२ मध्ये पाकिस्तानमार्गे ५० हजार टन गहू द्यायचे ठरवून तो पाठवायला सुरुवात केली, नंतरही मदत गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला वकिलातीचा दर्जा दिला. म्हणजे आपल्या सरकारचा तिथे संबंध आहे, ते काही सांगू शकते. तेव्हा 'कसलाही संबंध नको' ऐवजी मी असे पत्र लिहावे म्हणते: आमच्या देशातून जाणाऱ्या धान्याची यादी कोण करते? त्यात बाया पाहणीदार आहेत का? विधवेचे कार्ड तिच्या स्वतःच्या नावे आहे का? वाटप तिच्या हातात होते की दिराच्या? नसेल, तर पुढच्या खेपेच्या वेळी हीच अट आपल्या अधिकाऱ्यांनी टेबलावर मांडावी. २००१ मध्ये ती मांडली गेली होती. शिवाय इथे शिकायला येणाऱ्या अफगाण मुलींच्या शिष्यवृत्त्या आणि व्हिसा यांचाही मुद्दा त्यात घालावा, असे दोघींनी काल सुचवले आहे, तो मी जोडला आहे.

पत्राचा मसुदा जेवणानंतरच्या सत्रात वाचून दाखवते. ज्यांना पहिल्या पत्रकाचीच भाषा बरोबर वाटते त्यांनीही थांबावे, त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय मी सह्या घेणार नाही.